मृगाआधी सेन्सरचे तोंड बांधा



हल्ली पिलांच्या शेडमध्ये, कांदाचाळीत, पॉलिहाऊसमध्ये, रेशीमकीटकांच्या संगोपनगृहात आणि द्राक्षबागेतही विजेवर चालणारे छोटे तापमापक बसवलेले दिसतात. त्यांना सगळेच 'सेन्सर' म्हणतात, म्हणून आपणही तेच नाव घेऊ. सेन्सर मुगाच्या नाहीतर हरभऱ्याच्या दाण्याएवढा असतो, त्याला दोन किंवा तीन तारा असतात, आणि त्या तारा पेटीतल्या यंत्राला जोडलेल्या असतात. यंत्र आकडा दाखवते, मोबाइलवर पाठवते, काही ठिकाणी पंखा किंवा हीटर आपोआप चालू-बंद करते. वस्तू उपयोगी आहे आणि पूर्वीच्या मानाने स्वस्तही झाली आहे.

मात्र उन्हाळ्यात बसवलेला सेन्सर श्रावणापर्यंत बिघडतो, अशी तक्रार गावोगाव ऐकू येते. दुकानदार म्हणतो माल चांगला होता. पुडीवर 'वॉटरप्रूफ' असे छापलेलेही असते. मग पाणी शिरते कोठून, ते काय बिघडवते, आणि घरच्या घरी बंदोबस्त कसा करावा, याचा आज विचार करू.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. बंद पडलेला सेन्सर फारसे नुकसान करत नाही, कारण तो बंद आहे हे आपल्याला दिसते. नुकसान करतो तो ओला झालेला, पण आकडा दाखवत राहणारा सेन्सर. घड्याळ बंद पडले तर माणूस दुसऱ्याला वेळ विचारतो. घड्याळ तासभर मागे असेल तर त्याची एसटी चुकते.

सेन्सर दोन जातींचे

आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकारचे सेन्सर येतात.

पहिला थर्मिस्टर. याला दोन तारा असतात. तापमान वाढले की त्याचा विजेला होणारा विरोध कमी होतो, आणि तो विरोध मोजून यंत्र तापमान ठरवते. स्वस्त तापमान नियंत्रकात आणि उबवणी यंत्रात बहुधा हाच असतो. नेहमी मिळणाऱ्या थर्मिस्टरचा विरोध २५ अंश सेल्सिअसला १० हजार ओहम असतो.

दुसरा अंकी सेन्सर. यात डीएस १८ बी २० या नावाचा फार प्रचलित आहे. याला तीन तारा असतात. हा तापमान स्वतः मोजतो आणि आकडा करून पाठवतो. उणे ५५ ते १२५ अंशांपर्यंत तो चालतो आणि उणे १० ते ८५ अंशांच्या टप्प्यात अर्ध्या अंशापर्यंत अचूक असतो. प्रत्येक नगाला कारखान्यातच स्वतंत्र क्रमांक दिलेला असल्याने एकाच तारेवर अनेक सेन्सर जोडता येतात. बोटभर लांबीच्या, एका टोकाला बंद असलेल्या स्टीलच्या नळीत घालून, वारभर किंवा अधिक तारेसह तो विकत मिळतो.

पाणी शिरते कोठून

स्टीलच्या नळीतून पाणी जात नाही. पाणी येते तारेच्या वाटेने, आणि या वाटा तीन आहेत.

पहिली वाट म्हणजे नळीचे तोंड. तेथे तार आत जाते आणि वरून एखादी आवळलेली प्लास्टिकची नळी असते. स्वस्त मालात ही नळी नुसतीच आवळलेली असते, आत चिकटद्रव्य नसते. तार चार वेळा ओढली-वाकवली की तेथे केसाएवढी फट पडते.

दुसरी वाट तारेच्या आतून. तारेचे वरचे वेष्टण आणि आतल्या तारा यांच्यामध्ये पोकळी असते, शिवाय तांब्याच्या बारीक धाग्यांमध्येही असते. दिव्याची वात जशी तेल वर ओढते, तशी ही पोकळी पाणी ओढते. पेटीकडचे टोक उघडे राहून ओले झाले, किंवा उंदराने मध्येच वेष्टण कुरतडले, तर ते पाणी वारभर लांब असलेल्या सेन्सरपर्यंत सावकाश पोचते. नळीचे तोंड कितीही चांगले बंद केलेले असो, पाणी मागच्या दाराने येते.

तिसरी वाट श्वासाची. पापडाचा डबा पावसाळ्यात पुन्हा पुन्हा उघडला तर आतले पापड मऊ पडतात. सेन्सरच्या नळीत आणि यंत्राच्या पेटीत असाच प्रकार रोज घडतो. दिवसा आतली हवा तापून फुगते आणि फटीतून बाहेर पडते. रात्री ती गार होऊन आकसते आणि बाहेरची दमट हवा आत ओढते. गारव्याने त्या हवेतील वाफेचे दव धरते. दुसऱ्या दिवशी हवा बाहेर जाते, पण पाण्याचा बराच भाग आत राहतो. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण येथे शब्दशः खरी आहे. पावसाचा थेंबही न लागलेल्या छपराखालच्या सेन्सरमध्ये पाणी सापडते ते यामुळे.

ओला सेन्सर काय करतो

आता यातील खरा धोका पाहू. पाणी स्वतः वीज फारशी वाहत नाही, पण शेडमधले पाणी शुद्ध नसते. त्यात धूळ, क्षार, अमोनिया, खताचा अंश असतो. असे पाणी थर्मिस्टरच्या दोन पायांमध्ये साचले की विजेला दुसरी वाट मिळते. यंत्राला विरोध कमी झालेला दिसतो. विरोध कमी म्हणजे तापमान जास्त, एवढेच यंत्राला ठाऊक. खरे तापमान २८ अंश असताना दोन पायांमध्ये २५ हजार ओहमची ओली वाट तयार झाली, तर नेहमीच्या १० हजारी थर्मिस्टरवर आकडा ३५ अंशांच्या आसपास दिसेल.

हे ब्रूडरमध्ये घडले तर काय होते ते पाहा. एक दिवसाच्या पिलांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश, म्हणजे ९५ अंश फॅरनहाइट ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती सुमारे ३ अंशांनी कमी करत न्यावी लागते. बाहेर संततधार पाऊस, शेडमध्ये २८ अंश, आणि ओला सेन्सर सांगतो ३५. यंत्र हीटर चालू करत नाही. मोबाइलवरचा आकडा अगदी बरोबर दिसत असल्याने घरचे निश्चिंत झोपतात. पिले उबेसाठी एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. सकाळी शेड उघडणाऱ्याला आकडा अजूनही ३५ दिसत असतो.

अंकी सेन्सरचे वागणे जरा वेगळे. तो ओला झाला की आकडा बहुधा तुटतो. काही यंत्रांवर तेव्हा उणे १२७ अंश दिसतात. त्याचा अर्थ एवढाच की सेन्सरशी संबंध तुटला. कधी एकदम ८५ अंश दिसतात. सेन्सरला वीज मिळाल्यावर पहिली मोजणी पूर्ण होण्याआधी त्याच्याजवळ असलेला हा आरंभीचा आकडा आहे. तो वारंवार दिसू लागला तर वीज मध्येच तुटते आहे असे समजावे आणि सांधे तपासावेत. यंत्र तयार करणाऱ्याने या दोन आकड्यांची दखल घेतली नसेल तर उणे १२७ पाहून हीटर रात्रभर जळत राहील, आणि ८५ पाहून भर थंडीत पंखे सुरू होतील. यंत्र घेताना दुकानदाराला सरळ विचारावे, की सेन्सरची तार तुटली तर तुमचे यंत्र काय करते? भोंगा वाजवते की नाही? त्याच्यासमोर तार काढून खात्री करून घ्यावी.

पाणी गेल्यावर गंज येतो. कोंबड्यांच्या शेडमधला अमोनिया तांब्याला लवकर खातो. सडलेल्या कांद्याच्या रसात आणि वासात गंधकाची संयुगे असतात, त्यांनी तांबे काळे पडते. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणातले मोरचूद आहेच. ब्लीचिंग पावडरच्या क्लोरीनने तर चांगल्या स्टीललाही बारीक खड्डे पडतात. म्हणून शेड धुताना किंवा निर्जंतुक करताना सेन्सर काढून घ्यावा आणि ओल्या फडक्याने, मग कोरड्या फडक्याने पुसून परत लावावा.

बंद करण्याची रीत

लोणच्याची बरणी भरताना घरातील माता-भगिनी जी काळजी घेतात, तीच येथे घ्यावयाची आहे. बरणी कोरडी हवी, आत हवा कमी राहावी, आणि तोंड घट्ट बांधलेले असावे.

विकतचा नळीबंद सेन्सर असेल तर काम सोपे आहे. नळीच्या तोंडापासून दोन्ही बाजूंना दोन-तीन बोटे भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावा. तारेचे वेष्टण बारीक पॉलिश कागदाने हलके खरवडावे, म्हणजे चिकटद्रव्य धरते. मग आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवावी. ही नळी तापवली की आवळते. साध्या नळीत गोंद नसतो, म्हणून घेताना आतला चकचकीत थर पाहून घ्यावा. ती अर्धी स्टीलवर आणि अर्धी तारेवर यावी. गरम हवेच्या बंदुकीने मधून कडेकडे तापवत जावे. दोन्ही कडांना गोंदाचा बारीक मणी बाहेर आला की काम झाले असे समजावे. मेणबत्तीवर किंवा गॅसवर तापवू नये; एक बाजू जळते आणि दुसरी कच्ची राहते.

सुटा सेन्सर घेऊन स्वतः नळीत बसवायचा असेल तर पुढील क्रम ठेवावा. गावात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा किंवा आयटीआय झालेला मुलगा असेल तर तो हे काम तासाभरात करील.

१. तार गोल वेष्टणाची, एकसंध घ्यावी. मध्ये सांधा नको. उन्हात राहणार असेल तर ऊन सोसणारे काळे वेष्टण घ्यावे. टेफ्लॉन किंवा सिलिकॉनच्या वेष्टणाला इपॉक्सी नीट चिकटत नाही, म्हणून या कामाला पीव्हीसी बरे.

२. तारांची टोके सोलून तांब्याच्या धाग्यांत सोल्डर भरून घ्यावे. त्यामुळे वातीसारखी पाणी ओढणारी वाट तेथेच बुजते.

३. सेन्सरच्या पायांना तारा सोल्डर कराव्यात. सांधे एकाच रेषेत न ठेवता थोडे पुढेमागे ठेवावेत आणि प्रत्येकावर बारीक हीट श्रिंक नळी वेगवेगळी चढवावी. सोल्डरचा चिकट राळेसारखा अंश अल्कोहोलने आणि जुन्या दात घासण्याच्या ब्रशने स्वच्छ धुवावा. तो अंश हवेतली ओल धरून ठेवतो.

४. सगळे पूर्ण कोरडे होऊ द्यावे. ओल आत कोंडून वर लिंपण्यात अर्थ नाही. हे काम आषाढातल्या दमट दिवशी न करता वैशाखात करावे.

५. दोन भागांचे पातळ इपॉक्सी सांगितलेल्या प्रमाणात सावकाश मिसळावे. फेस होऊ देऊ नये. इंजेक्शनच्या नव्या सिरिंजने ते नळीच्या तळापासून वर भरत यावे, म्हणजे हवा कोंडत नाही. मग सेन्सर तळाशी टेकेपर्यंत आत सरकवावा. तारेचे अखंड वेष्टणही बोटभर तरी इपॉक्सीत बुडाले पाहिजे. बहुतेकांचे येथेच चुकते. आतल्या सुट्या तारा बुडतात, वेष्टण बाहेर राहते, आणि पोकळी उघडीच राहते.

६. नळी उभी, टोक खाली करून एक दिवस हलवू नये. थंडीत दोन दिवस लागतात. त्यानंतर तोंडावर गोंदाची हीट श्रिंक नळी चढवावी.

इपॉक्सी हाताळताना हातमोजे घालावेत, कारण काहींच्या कातडीला त्याने पुरळ येते. स्वयंपाकघरातील वाटी-चमचा या कामाला वापरू नये.

काय वापरू नये

काळी चिकटपट्टी उन्हाने सैल होऊन सुटते आणि तिच्या पदरांत पाणी साठते. पांढरा सुताराचा गोंद पाण्यात विरघळतो. गरम गोंदाच्या कांड्या उन्हात मऊ पडतात आणि स्टील-पीव्हीसीपासून सुटतात. मेणाचेही तेच.

स्नानगृहाच्या फटी भरण्याचे सिलिकॉन पुष्कळ जण वापरतात. त्यातल्या काही प्रकारांना वाळताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. ती वाफ आम्लाची असते आणि तांब्याला गंज आणते. वापरायचेच असेल तर आंबट वास न येणारे, न्यूट्रल क्युअर म्हणून मिळणारे सिलिकॉन घ्यावे. तेही पेटीच्या बाहेरील फटींनाच लावावे.

प्लास्टिकची पिशवी बांधणे हा सर्वांत वाईट उपाय. पावसापासून ती दोन दिवस वाचवते, पण आत दव धरते आणि सेन्सर त्या दवातच भिजत राहतो.

पेटी आणि तार

सेन्सर उत्तम बंद केला आणि पेटी उघडी ठेवली, तर मागच्या दाराची गोष्ट पुन्हा आली. पेटीवर आयपी ६५, आयपी ६७ असे आकडे असतात. पहिला आकडा धुळीचा. ६ म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही. दुसरा आकडा पाण्याचा. ५ म्हणजे पाण्याच्या फवाऱ्याला टिकते. ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटे बुडवली तरी चालते. हा दाखला अखंड पेटीचा असतो. आपण बाजूला भोक पाडून तार घातली की तो दाखला संपला.

तार नेहमी पेटीच्या खालच्या बाजूने, आवळणाऱ्या रबरी बुचातून आत घ्यावी. बाजारात त्याला केबल ग्लँड म्हणतात. आत जाण्यापूर्वी तारेला खाली वीतभर झोळ द्यावा. तारेवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी येऊन गळून पडते, पेटीकडे चढत नाही. हा उपाय फुकटचा आहे आणि सर्वांत गुणकारी आहे.

पेटी उत्तर किंवा पूर्व बाजूला, सावलीत लावावी. आत ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि तिचा रंग बदलला की ती बदलावी. मुंग्यांना आणि पालींना अशा उबदार पेट्या फार आवडतात, म्हणून न वापरलेले प्रत्येक भोक बुजवावे. उंदरांचा उपद्रव असेल तेथे तार जमिनीपासून कंबरेच्या उंचीपर्यंत लोखंडी नळीतून न्यावी.

सेन्सर ३ ते ५ व्होल्टवर चालतो, त्यापासून धोका नाही. पण त्याच पेटीत हीटर किंवा पंख्याची २३० व्होल्टची जोडणी असते. पेटीत ओल आली तर प्रश्न माणसाच्या जिवाचा आहे. ती जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी, गळती झाल्यास वीज तोडणारा ब्रेकर बसवावा, आणि पेटी उघडण्यापूर्वी मुख्य बटण बंद करावे.

पाण्यापासून जपले, पण जागा चुकली तर

आतून कोरडा असलेला सेन्सरही चुकीचा आकडा देऊ शकतो. मातीच्या माठातले पाणी गार का होते? माठ पाझरतो, पाझरलेले पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते. पॉलिहाऊसमध्ये फॉगरचे तुषार सेन्सरवर पडत असतील तर त्याचाही माठ होतो. बाहेर ३५ अंश कोरडी हवा असताना ओल्या सेन्सरवर आठ-दहा अंश कमी दिसू शकतात. पंखे सुरू होत नाहीत आणि रोपे उकडून निघतात. म्हणून सेन्सर तुषारांच्या वाटेत नसावा आणि त्याचे टोक खाली असावे, म्हणजे पाणी त्यावर थांबणार नाही.

उन्हाचेही तसेच. थेट ऊन पडलेला सेन्सर हवेचे तापमान सांगत नाही, स्वतः किती तापला ते सांगतो. कृषी महाविद्यालयाच्या वेधशाळेत झडपांची पांढरी लाकडी पेटी तुम्ही पाहिली असेल. एकोणिसाव्या शतकातील स्कॉटिश अभियंता थॉमस स्टीव्हन्सन यांच्या नावाने ती ओळखली जाते. आपल्याकडे ती जमिनीपासून चार फूट उंचीवर ठेवतात आणि तिचे दार उत्तरेला असते, म्हणजे उघडल्यावर ऊन आत पडत नाही. हेच तत्त्व घरी वापरता येते. पाच-सहा पांढऱ्या प्लास्टिकच्या बशा पालथ्या, एकीखाली एक, दोन बोटे अंतर ठेवून लांब स्क्रूंवर बसवाव्यात. वरची अखंड ठेवून खालच्यांना मध्ये भोक पाडावे आणि त्या पोकळीत सेन्सर टांगावा. ऊन-पाऊस अडतो, वारा खेळतो.

निफाडचा गारठा द्राक्षबागायतदारांना सांगायला नको. तेथील गहू संशोधन केंद्रावरचे किमान तापमान हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येते आणि तालुकाभर लोक पहाटेच्या पाण्याची तयारी करतात. अशा निरभ्र, वारा पडलेल्या रात्री उघड्या आभाळाखालचा सेन्सर हवेपेक्षाही गार होतो आणि कमी आकडा दाखवतो. त्यालाही वर बशीचे छप्पर हवेच.

कांदाचाळीत सेन्सर ढिगाच्या आत पाहिजे. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाच्या शिफारशीप्रमाणे साध्या चाळीत २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता कांद्याला मानवते. ढिगात सेन्सर नुसता तारेने खुपसू नये. काढताना तार ओढली जाते आणि नळीचे तोंड सैल होते. भोके पाडलेल्या पीव्हीसी नळीत घालून तो ठेवावा आणि नळी धरून काढावा. चाळीत तीन-चार ठिकाणी सेन्सर ठेवून आकडे एकमेकांशी ताडून पाहावेत. एकाच जागेचा आकडा रोज चढत असेल तर तो कोपरा उकरून पाहावा.

एक इशारा आर्द्रता मोजणाऱ्या सेन्सरविषयी. त्याला हवा लागल्याशिवाय तो काम करू शकत नाही. त्यावर इपॉक्सी ओतले तर त्याचे नाकच बुजले. त्याला बशांच्या छपराखाली, बारीक जाळीच्या टोपीत ठेवावे आणि फक्त तारेकडची बाजू बंद करावी.

घरच्या तीन परीक्षा

बसवण्यापूर्वी प्रत्येक सेन्सरच्या तीन परीक्षा घ्याव्यात.

पहिली बर्फाची. स्वच्छ पाण्याचा बर्फ बारीक फोडून स्टीलच्या तांब्यात गच्च भरावा, फटी भरतील एवढेच पाणी घालावे आणि ढवळावे. सेन्सर मधोमध, तळाला न टेकता, दहा मिनिटे धरावा. आकडा शून्याच्या अर्धा अंश इकडेतिकडे यावा.

दुसरी कोमट पाण्याची. ताप पाहण्याचा थर्मामीटर घरोघर असतो. ३७ ते ४० अंशांच्या कोमट पाण्यात तो आणि सेन्सर शेजारी-शेजारी धरून ढवळावे. ब्रूडरला लागणाऱ्या तापमानाच्या जवळची ही परीक्षा असल्याने पिले पाळणाऱ्यांनी ती चुकवू नये. पाणी उकळते घेऊ नये. साधा थर्मामीटर फुटेल आणि तारेचे वेष्टणही मऊ पडेल.

तिसरी मिठाच्या पाण्याची. सेन्सर यंत्रापासून सोडवावा. दहा मिनिटे चांगल्या गरम पाण्यात ठेवून लगेच गार खारट पाण्यात बुडवावा आणि रात्रभर तसाच ठेवावा. तारेचे मोकळे टोक बाहेर कोरडे राहू द्यावे. गरम झालेली आतली हवा गार पाण्यात आकसते, आणि कोठे फट असेल तर खारे पाणी आत ओढते. सकाळी मल्टिमीटर २० मेगाओहमवर ठेवून एक टोक तारेला आणि दुसरे खाऱ्या पाण्यात लावावे. प्रत्येक तार अशी तपासावी. काटा हलला किंवा आकडा दिसला, तर फट आहे. असा सेन्सर शेडमध्ये लावू नये.

वर्षाचा परिपाठ

अक्षय तृतीयेच्या सुमारास सगळे सेन्सर उतरवून स्वच्छ करावेत, तीन परीक्षा घ्याव्यात, सैल तोंडे बांधून घ्यावीत. मृगाआधी परत लावावेत. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पेटी उघडून सिलिका जेल पाहावे. दिवाळीनंतर बर्फाची परीक्षा पुन्हा घ्यावी. प्रत्येक सेन्सरवर क्रमांक लिहून त्याचे आकडे वहीत मांडून ठेवावेत, म्हणजे कोणता सेन्सर वाकडा चालला आहे ते लक्षात येते. पिलांच्या शेडमध्ये नेहमी दोन सेन्सर असावेत. दोघांत दोन अंशांहून अधिक फरक पडला की भोंगा वाजेल अशी सोय करून घ्यावी.

एवढे सगळे करूनही एक काम यंत्रावर सोपवू नये. रात्री झोपण्यापूर्वी कंदील किंवा बॅटरी घेऊन शेडमध्ये एक फेरी मारावी. पिले उबेखाली दाटीने एकत्र आली असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. उबेपासून दूर कडेला पळून चोची उघड्या टाकून, पंख पसरून बसली असतील तर उकडते आहे. सगळीकडे सारखी पांगून खात-पीत असतील तर ठीक आहे. यंत्र ३५ म्हणत असेल आणि पिले एकमेकांवर चढत असतील, तर पिलांचे ऐकावे. लगेच ऊब द्यावी, आणि सेन्सर कोठे ओला झाला ते सकाळी पाहावे.